बर्फाचा फाळ आणि लोखंड्यांचा हात

२०१८ साल. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो आणि अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या बाहेर एका गॅरेजात गाड्यांची वायरिंग बघत होतो. अजूनही बघतो, पण आता रोज जात नाही. कुणाचं अडलं की बोलावतात.

माझं शिक्षण सातवी, तेही शेवटची परीक्षा न देता. कराडला हायवेच्या कडेला ट्रकांचे डायनामो उघडत मोठा झालो. बहीण इथं नर्स होती, तिनं कागद केले. ते कागद मंजूर होईपर्यंत माझे केस पांढरे झाले. इंग्रजी मी गॅरेजातच शिकलो, त्यामुळे शिव्या आधी आल्या आणि थँक्यू मागून. इथल्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंनी 'काका, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामावर लिहा ना' असं म्हटलं तेव्हा मी सरळ नाही म्हणालो होतो. या अंकात शिकलेली माणसं लिहितात. मग या फेब्रुवारीत लोखंडे गेले, आणि मीच बाईंना फोन केला. सुनेनं टाइप करून दिलंय. शब्द बदलू नकोस, एवढं तिला बजावलंय.

लोखंड्यांची शोकसभा मंदिराच्या खालच्या हॉलमध्ये झाली. त्यांचा मुलगा नितीन चांगला बोलला. शेवटी म्हणाला, "बाबांना इथे सुरुवातीला अजिबात करमत नव्हतं. मग त्यांनी तो स्नो प्लावचा जॉब घेतला. आम्हाला टेन्शन यायचं, पण म्हटलं, ठीक आहे, त्यांचा टाइमपास होतोय." लोक हसले. प्रेमानंच हसले. नंतर मला बोलायला उभं केलं. मी माइक हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि परत देऊन खाली बसलो. त्या एका शब्दाला मला उत्तर द्यायचं होतं, आणि ते माइकवर मावणारं नव्हतं. नितीनवर माझा राग नाही. त्यानं वडिलांना त्या ट्रकात बसलेलं कधी बघितलंच नव्हतं. मी बघितलंय.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बर्फ काढायचा ट्रक म्हणजे साधा पिकअपच असतो. पुढं लोखंडाचं रुंद पातं बसवलेलं. इथले लोक त्याला प्लाव म्हणतात, मी आणि लोखंडे फाळ म्हणायचो. तो फाळ उचलायला आणि डावा-उजवा वळवायला एक पंप असतो, आणि पंप चालतो बॅटरीवर. तुमच्या इमारतीवरची पाण्याची टाकी आठवा. बॅटरी म्हणजे टाकी. इंजिन चालू असताना टाकी भरणारी मोटर, ती म्हणजे अल्टरनेटर. आणि फाळाचा पंप म्हणजे कुणीतरी खालचा नळ पूर्ण सोडून ठेवावा तसं. फाळ एकदा उचलला की बॅटरीतून एवढा करंट ओढला जातो की रात्री हेडलाइट डोळे मिटल्यासारखे मंद होतात. बरं, गाडी हायवेवर पळत असेल तर अल्टरनेटर जोरात भरतो. पार्किंगच्या आवारात बर्फ काढताना गाडी चार पावलं पुढं, चार पावलं मागं. इंजिन संथ, भरणं कमी, आणि उपसा मात्र सारखा. वर हीटर, वायपर, दिवे, टपावरचा पिवळा फिरता दिवा. म्हणून या ट्रकांना हिवाळ्यात एकच आजार होतो, ऐन वादळात जागेवर मरायचा.

आता हा आजार शोधायचा कसा? तरुण पोरं कॉम्प्युटर लावतात. लावू देत, मी त्यांना हसत नाही, मलाही तो लावता येतो. पण माझ्याकडं कराडहून आणलेला काट्याचा मीटर आहे. आकडा नुसता बदलतो, काटा मात्र हलून दाखवतो. इंजिन चालू असताना काटा चौदा व्होल्टच्या आसपास पाहिजे. फाळ उचलला की तो झोपणार. झोपू दे. फाळ थांबला की तो किती लवकर उठतो, ते बघायचं. माणूस दम लागल्यावर किती वेळात सावरतो त्यावरून त्याची तब्येत कळते ना, तसंच. उठायला वेळ लागला तर मग वायरी धरायच्या. इथं रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ वायरीत शिरतं आणि वरचं रबर धडधाकट असताना आतलं तांबं हिरवी भुकटी होऊन गळतं. बाहेरून ठणठणीत आणि आतून संपलेलं. अशा वायरी मी पुष्कळ कापल्या, आणि दरवेळी कापल्यावर थोडा वेळ हातात धरून बसलो.

दुसरी एक गोष्ट मला रूथ नावाच्या बाईंनी शिकवली. त्या नवऱ्याच्या माघारी त्याचा ट्रक चालवून शाळेची आवारं साफ करायच्या. वादळात बॅटरीचा लाल दिवा लागायचा, आणि ट्रक गॅरेजात आणला की सगळं झकास. आमच्यातल्या कुणीतरी त्यांना नवी बॅटरी घ्यायला लावली, तरी तेच. बाई माझ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा ट्रक तुमच्या गॅरेजात आजारी पडत नाही. तो शाळेत आजारी पडतो. तुम्ही शाळेत या." गेलो. शेजारी बसलो. फाळावरून बर्फाचा भुगा उडत होता तो पुढच्या जाळीतून आत शिरून अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावर पडत होता. पट्टा ओला झाला की घसरायचा, अल्टरनेटर फिरायचाच नाही. गॅरेजपर्यंत येईस्तो इंजिनच्या उष्णतेनं पट्टा वाळलेला असायचा. पट्टा ताणणारा सांधा बदलला, जाळीमागं रबराचा पडदा लावला, काम झालं. तेव्हापासून माझा नियम झाला. बर्फाचा ट्रक बर्फात बघायचा, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी बसून बघायचा. गॅरेजच्या मालकाला हे पटत नसे. मी ऐकत नसे.

आता लोखंडे.

लोखंडे फलटणचे. सारं आयुष्य बस चालवून निवृत्त झाले. बायको गेल्यावर नितीननं त्यांना इथं आणलं. थंडीत मंदिराच्या दारातला बर्फ फावड्यानं ओढत असायचे. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच आवाराचं बर्फाचं कंत्राट एड नावाच्या एका इथल्याच माणसाकडं होतं. त्याचे सगळे ट्रक आमच्या गॅरेजात यायचे. एकदा त्याच्या पोरानं ट्रक मंदिराच्या पायऱ्या आणि खांब यांच्यामध्ये अडकवला. पोरगं पुढं-मागं करून घामाघूम झालं. लोखंड्यांनी फावडं भिंतीला टेकवलं, दार उघडलं, पोराला हातानंच 'सरक' म्हटलं, आणि आरशात बघत एका दमात ट्रक बाहेर काढला. एड हे लांबून बघत होता. लायसन लोखंड्यांकडं होतंच, नितीननं काढून दिलं होतं. पुढच्या बर्फाला ते एडच्या ट्रकात होते.

एडनं त्यांना डायलिसिस सेंटरचं आवार दिलं. तिथं आजारी माणसं व्हॅनमधून येतात, चाकाच्या खुर्चीत, पांघरुणात गुंडाळलेली. त्यांना उशीर चालत नाही आणि त्यांना घसरूनही चालत नाही. एडनं हे आवार त्याच्या सगळ्यात सावध माणसाला दिलं होतं, असं तोच मला म्हणाला होता.

आणि नेमका तोच ट्रक मरायला लागला.

पहिल्यांदा मी बॅटरी बदलली. दुसऱ्यांदा अल्टरनेटर. तिसऱ्यांदा इंजिनपासून फाळापर्यंतची जाड वायर नवी घातली, हिरवी नव्हती तरी घातली. गॅरेजात काटा टुणकन उठायचा. मी लोखंड्यांना विचारलंही होतं, "मधेच गाडी बंद करता का कधी?"

"छ्या. काम चालू असताना बंद कशाला करू?"

मी विश्वास ठेवला. आपल्या मुलखातला माणूस, ड्रायव्हर माणूस, खोटं कशाला बोलेल? आणि ते खोटं बोलतही नव्हते.

एडनं गॅरेजात येऊन सांगितलं, "आणखी एकदा ट्रक बंद पडला तर मी त्याच्या जागी दुसरा बसवतो. माणूस मला आवडतो. पण तिथं येणाऱ्या लोकांना मी बर्फात ताटकळत ठेवू शकत नाही." ते मी लोखंड्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. घरी मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मला मागून कळलं.

पुढचा बर्फ दिवसाच आला, सकाळपासून तिरपा. मी मीटर आणि मेलेल्या बॅटरीला बाहेरून करंट देणारी जंपर पेटी घेऊन सेंटरवर गेलो आणि शेजारच्या सीटवर चढलो.

लोखंडे बर्फाचे बूट काढून, नुसत्या लोकरीच्या मोज्यांवर गाडी चालवायचे. बसमध्ये चप्पल काढायची सवय. स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला नेला आणि म्हणाले, "काय मिस्त्री, माझी परीक्षा घ्याया आलाय व्हय?"

"ट्रकाची. तुमची कोन घेनार?"

"घ्या. ड्रायव्हर पास हाय, गाडीचं तुमी बघा."

त्यांचं काम बघत राहावं असं होतं. फाळ जमिनीला लागताना आवाज नाही. रांग सरळ. उताराच्या कडेला, जिथं खुर्च्यांची चाकं चढतात, तिथं ते वेग इतका कमी करायचे की बर्फ ढकललाय असं वाटायचं नाही, बाजूला व्हायला सांगितल्यासारखा तो व्हायचा. काटा झोपत होता आणि उठत होता. मला काही सापडेना.

मग एक व्हॅन आली. लोखंडे तिला वाट द्यायला थांबले, आणि त्यांचा उजवा हात किल्लीवर गेला. इंजिन बंद. वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले. टपावरचा पिवळा दिवा तेवढा फिरत राहिला, कारण फाळ बसवणारानं तो थेट बॅटरीवर जोडला होता. व्हॅन गेली, हात परत किल्लीवर, इंजिन चालू, फाळ वर. काटा झोपला, आणि या वेळी जरा उशिरा उठला.

एकदा घडलं तर ते चुकून असतं, पुन्हा घडलं तर तो दोष असतो. मी बघत बसलो. पायी माणूस आडवा आला, बंद. फावडं घेऊन दारापुढचं काढायला उतरले, बंद. चढून बसले, चालू. दर खेपेला स्टार्टर एक घोट पिणार, वर पिवळा दिवा पिणार, आणि जे चार निवांत क्षण बॅटरीला भरायला मिळाले असते तेच नेमके मेलेले. तिन्ही वेळा मी जे बदललं त्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मी तोंड उघडायच्या बेतात होतो, तेवढ्यात पुन्हा एक व्हॅन फाटकाशी दिसली. आम्ही बरोबर तिच्या वाटेत आडवे होतो. हात गेला. इंजिन थांबलं. लोखंड्यांच्या लक्षात आलं की आपण वाटेत आहोत, त्यांनी लगेच किल्ली फिरवली, आणि ट्रक नुसता टक्क म्हणाला. पुन्हा टक्क. फाळ जमिनीला टेकलेला, ट्रक फाटकात आडवा, व्हॅन बाहेर.

मी पेटी घेऊन उडी मारली. बॉनेट उघडलं. चिमटे लावताना बोटं वळत नव्हती. व्हॅनच्या काचेतून एक म्हातारी गोधडीसारखं काहीतरी गळ्यापर्यंत ओढून आमच्याकडं बघत होती. रागानं नाही, नुसती बघत होती. सेंटरच्या दारात नर्स उभी राहून हात हलवत होती. मागं वळून बघतो तर लोखंडे माझ्याजवळ उभे, बॉनेट धरून, बर्फात, मोज्यांवर.

"बूट घाला, लोखंडे."

"आधी गाडी हालवा."

गाडी चालू झाली. ते चढले, ट्रक बाजूला घेतला, व्हॅन आत गेली. मोज्यांतून पाणी गळत होतं. तेव्हा मी बोललो.

"तुमी गाडी बंद करता."

"कवा?"

"आत्ता. त्याच्या आधी. दर वेळेला थांबला की."

"न्हाई ओ मिस्त्री."

थोड्या वेळानं नर्स रस्ता ओलांडायला लागली, ते थांबले, हात उठला, आणि या वेळी त्यांनी स्वतःच तो अर्ध्या वाटेत पाहिला. तव्याला लागल्यासारखा मागं घेतला. मग तो हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडं बघत बसले.

"डिझेल," एवढंच म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं. डेपोत डिझेल वाचवणाऱ्याचा मान होता. थांब्यावर गर्दी असली की इंजिन बंद, रेल्वेच्या फाटकापाशी बंद, घाटात पुढं गाड्या अडकल्या की बंद. त्यांचा नंबर वर असायचा. त्याबद्दल सगळ्या डेपोसमोर शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. बायको पुढच्या रांगेत बसली होती. ते घड्याळ त्यांनी इथं आणलं होतं, नितीनच्या घरातल्या त्यांच्या खोलीत आहे. मी पाहिलंय.

त्यानंतर त्यांनी आठवण ठेवून हात आवरला. पण आठवण ठेवायला लागले की रांग वाकडी जायची, आणि रांगेकडं लक्ष दिलं की हात जायचा. एका माणसाला दोन्ही एकदम जमेना. मी वायर बदलू शकतो. हात कसा बदलायचा?

संध्याकाळी एड गॅरेजात आला. सेंटरवरून त्याला फोन गेलाच होता. लोखंडे माझ्याजवळ उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि एडला मराठी, मधे मी. एडनं विचारलं, "सापडलं काय?"

आता मी काहीही सांगू शकलो असतो. अल्टरनेटरमध्ये अमुक झिजलं होतं, फाळाच्या स्विचमध्ये तमुक, असं म्हटलं असतं तर त्याला खरं वाटलं असतं, लोखंड्यांना कळलंही नसतं. पण नसलेला दोष मी कधी कुणाच्या गाडीवर ठेवला नाही. तेवढी एकच गोष्ट माझी स्वतःची आहे. मी लोखंड्यांकडं पाहिलं. तेव्हा लोखंडेच बोलले.

"खरं सांगा त्याला. ट्रकाला नावं ठेवू नका. ट्रक चांगला हाय."

मी सांगितलं. एडनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "यंत्र असतं तर मी दुरुस्त करून घेतलं असतं. उद्यापासून मी दुसरा ड्रायव्हर पाठवतो. त्याला सांग, मला वाईट वाटतं."

मी शब्दाला शब्द सांगितलं. लोखंड्यांनी खिशात हात घातला आणि ट्रकाची किल्ली माझ्या पान्यांच्या शेजारी ठेवली. मांडून ठेवावी तशी, सरळ.

ती किल्ली तिथं बघितली आणि माझं डोकं फिरलं. लोक मला हट्टी म्हणतात, बायको तर लग्नापासून म्हणते. मी किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली. एडला म्हटलं, "उद्या मी त्यांच्या शेजारी बसतो. ट्रक पुन्हा मेला तर त्याला दुसरा ड्रायव्हर दे, आणि माझ्या जागी दुसरा मिस्त्री बघ. तुझ्या एकाही ट्रकाला मी हात लावणार नाही."

"तू त्याच्यासाठी हे का करतोस?"

"दोष शोधलाय मी. दुरुस्त कुणी करायचा?"

एड आमच्या दोघांकडं बघत राहिला. "उद्याचा दिवस," म्हणाला आणि गेला.

त्यांना घरी सोडताना गाडीत मी माझी युक्ती सांगितली. अॅम्ब्युलन्सना असतं तसं वायरिंग करता येतं, किल्ली फिरवली तरी इंजिन चालू राहतं. सकाळी करून देतो म्हटलं.

लोखंडे म्हणाले, "म्हंजी मी बंद करनार आनि गाडी ऐकनार न्हाई."

"तुमच्या भल्यासाठी."

"घरात तसंच चाललंय की. मी बोलतो, सगळी चांगली हायत, हो म्हनत्यात, आनि पुढं तसंच चालू ऱ्हातं. गाडी तरी माझं ऐकू द्या."

नितीनच्या दारात गाडी उभी केली. आत दिवे लागलेले, नातू काचेला नाक लावून बघत होता. ते उतरेनात.

"नितीनला सांगू नका."

"न्हाई सांगत."

"तो म्हनल, बाबा, बसा आता. बसायला माझी ना न्हाई. पन मिस्त्री, या देशात मला एकच मानूस म्हनतो, लोखंडे, गाडी काढा. तो एड. त्याच्या भाषेत म्हनतो, पन म्हनतो." मग उतरता उतरता, दार धरून, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "खरं सांगू का, बसमधी मी एकटा कवा नव्हतो. मागं कंडक्टर असायचा. एक घंटी, थांबायचं. दोन घंट्या, सोडायची. तो गाडीत असला की इंजिन बंद करायची टाप न्हाई, कुठल्या घटकंला डबल देईल सांगता येत न्हाई. थांब्यावर न्हाईतर फाटकाला तो खाली उतरला, की मगच बंद. हितं मागं कोनच न्हाई. हाताला वाटतंय, उतरला असल."

"मी होतो की आज शेजारी."

"तुमी मीटर बघत होता. गप."

ते आत गेले. मी गाडी वळवली.

नितीन, हे सगळं तू पहिल्यांदा वाचत असशील. तुझ्या वडिलांनी मला सांगू नको म्हटलं होतं, आणि ते असेपर्यंत मी सांगितलं नाही. टाइमपास करणारा माणूस ओल्या मोज्यांवर बर्फात उभा राहून 'आधी गाडी हालवा' म्हणत नाही. आणि स्वतःची नोकरी जाणार हे ठाऊक असताना 'ट्रकाला नावं ठेवू नका' तर नाहीच म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटर घरीच ठेवला. चौदा नंबरचा पाना तेवढा कोटाच्या खिशात टाकला. लोखंड्यांना घेतलं, सेंटरवर आलो, किल्ली त्यांच्या हातात दिली. रात्रीतून पुन्हा पडलं होतं, सगळं आवार कोरं. त्यांनी बूट काढले, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला नेला आणि गाडी सुरू केली. मी शेजारी न बसता मागच्या अरुंद सीटवर जाऊन बसलो. त्यांनी आरशात पाहिलं.

पहिली रांग संपता संपता व्हॅन आली. ते थांबले. हात उठला. मी पान्यानं दाराच्या लोखंडी चौकटीवर एक ठोका दिला. हात जागच्या जागी थांबला आणि मुकाट्यानं स्टिअरिंगवर परत गेला. इंजिन चालू होतं. पुढं व्हॅनचा पाळणा एकेक खुर्ची खाली सोडत होता, कालची म्हातारीही त्यात होती.

लोखंड्यांनी मागं न बघता विचारलं, "सगळी उतरली का?"

मी काचेतून बघत राहिलो. शेवटची खुर्ची दारातून आत गेली, दार लागलं.

मी दोन ठोके दिले.